साडेबारा मिनिटं उशिराची बातमी

२४ सप्टेंबर २०१४, बुधवार. सकाळचे सात वाजून गेलेत. तुम्ही बंगळुरूत, पीन्यातल्या इस्रोच्या नियंत्रण कक्षात उभे आहात. रेशमी साड्या, केसांत गजरे, पण नजरा पडद्यांवरून हलत नाहीत. पंतप्रधानही येऊन बसलेत.

सात सतरा. मंगळयानाचं मुख्य इंजिन आत्ता पेटायला हवं. जवळपास तीनशे दिवस ते बंद होतं. परवा जेमतेम चार सेकंद चालवून पाहिलं, तेवढंच. आज सलग चोवीस मिनिटं चालायचंय. वेग पुरेसा उतरला नाही, तर यान मंगळाला ओलांडून निघून जाईल.

पडद्यावर काही कळत नाही. मंगळ बावीस कोटी किलोमीटरवर. तिथली खूण प्रकाशाच्या वेगाने निघाली तरी इथे पोचायला साडेबारा मिनिटं. त्यात यान मंगळाच्या आड जाणार. ऐनवेळी काही सांगायची सोयच नाही. म्हणून परगावी निघालेल्या पोराला बजावावं, तशा साऱ्या आज्ञा दहाएक दिवस आधीच यानात चढवून ठेवल्यात.

साडेसात. इंजिन पेटल्याची खूण येते. आठच्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या अँटेनामार्फत उरलेली बातमी: यान कक्षेत! टाळ्यांचा कडकडाट होतो, माणसं एकमेकांना मिठ्या मारतात.

तुम्ही मात्र पुढचं जाणता. सहा महिन्यांसाठी धाडलेलं हे यान २०२२च्या एप्रिलपर्यंत संपर्कात राहील. त्यावर मिथेन मोजणारं एक छोटं उपकरण आहे. मिथेन सजीवांमुळे होतो, तसा खडक-पाण्याच्या रासायनिक क्रियेतूनही. तो सापडणं हा जीवसृष्टीचा पुरावा नव्हे, पण माग नक्की. त्याचा निकाल हे उपकरण देणार नाही, कारण त्याची रचनाच त्या कामाला अपुरी पडेल. पुढे ते मंगळावरून परावर्तित होणारा प्रकाश मोजण्याच्या कामी येईल.

आज्ञा असो की उपकरण, दोन्ही ऐनवेळेच्या आधीच ठरलेलं. एक फळलं, दुसरं नाही. उद्या यान ताऱ्यांकडे धाडलं, तर हा उशीर कैक पटींनी वाढेल. सूर्य सोडून सर्वांत जवळच्या ताऱ्याकडून, प्रॉक्सिमाकडून, खूण यायला सव्वाचार वर्षं लागतात. आकाशगंगेच्या पल्याडच्या टोकाकडून हजारो. तिथे गेलेल्या यानाला मधेच विचारता येणार नाही. काय दिसलं तर त्याला जीव म्हणायचं, हे पृथ्वीवरच, यान सोडण्याआधी, नेमकं ठरवावं लागेल. इंजिनापेक्षा ते अवघड आहे.