जरीखालचे रेशीम

मराठी घरातील जुन्या रेशमी वस्त्राचे भवितव्य दीर्घकाळ त्यातील रेशमाने नव्हे, तर जरीने ठरवले. पैठण आणि येवला येथील पैठणीत कलाबतू विणली जाई. चांदीच्या लगडीवर सोन्याचा पत्रा चढवून तारकशाने ती केसासारख्या तारेत ओढायची, तार चपटी करायची आणि रेशमी दोऱ्यावर गुंडाळायची, म्हणजे कलाबतू तयार होई. साहजिकच पैठणी जीर्ण झाली की काठ-पदर जाळून राखेतली चांदी गाळून घेणे हा रोकडा व्यवहार ठरे, आणि कलाबतूच्या गाभ्यातले रेशीम त्यातच जळून जाई. उरलेल्या अंगाचे परकर-पोलके किंवा दुपटे होई, नाहीतर ते भांड्यांच्या बदल्यात बोहारणीच्या गाठोड्यात पडे. पिंजून त्याचे पुन्हा सूत करण्याचा उद्योग मात्र या व्यवहारातून उभा राहिला नाही.

टाकाऊ रेशमाचे मोल मोठ्या प्रमाणावर ओळखले ते यंत्राने. कोश उकलताना तुटके, गुंतलेले तंतू उरतात. लंडनच्या गोदामात पडून असलेल्या अशाच भारतीय गाळातून सूत काढण्याचा ध्यास ब्रॅडफर्डच्या सॅम्युअल कनलिफ लिस्टरने १८५० च्या दशकात घेतला आणि त्यात अमाप पैसा ओतल्यावर त्याला यश आले. हा अर्थात न वापरलेल्या रेशमाचा उपयोग होता; नेसलेल्या वस्त्राची पाळी पुष्कळ उशिरा आली.

विसाव्या शतकात तांब्याच्या, पुढे प्लास्टिकच्या जरीने चांदीची जागा घेतली, तेव्हा बहुसंख्य साड्यांत गाळण्यासारखे काही उरले नाही. त्याच शतकाच्या अखेरीस जुन्या साड्या आणि मागावरची तुटकी टोके यांपासून भारत व नेपाळमध्ये कातलेले जाडसर, बहुरंगी सूत परदेशी विणकाम करणाऱ्यांकडे जाऊ लागले. भोपाळपासून नागपूरपर्यंत, जिथे हिवाळा बोचतो तिथे, दोन सुयांवरचे विणकाम रुजले ते लोकरीचे. त्यामुळे या सुताचे गिऱ्हाईक दूरचे असावे, यात नवल नाही.

सुयांवर हे सूत लोकरीसारखे वागत नाही. त्यातील तंतू आखूड असून केवळ पिळावर एकत्र राहतात, म्हणून पीळ सैल पडला की धागा तुटतो. निरनिराळ्या साड्यांचे रंग एकत्र आल्याने तो धुताना रंगही सोडतो. पैठणीसाठी वापरल्या जाणाऱ्या रिठ्याच्या गार पाण्याची रीत येथेही योग्य ठरते, कारण धुण्याच्या सोड्यासारख्या क्षाराने रेशमाचे प्रथिन कमजोर होते. ओले विणकाम टांगल्यास स्वतःच्या वजनाने लांबते आणि लोकरीप्रमाणे पूर्ववत आक्रसत नाही. ते सावलीत, सपाट पसरूनच वाळवावे लागते.