अध्यासनांचे धनी

आपल्याकडे दिवाळीची झाडलोट चालू असते, साधारण त्याच सुमारास अमेरिकेतल्या विद्यापीठांत प्राध्यापकपदांच्या जाहिराती निघतात. कोरियाचा इतिहास, कोरियन साहित्य, पूर्व आशियाचे मानववंशशास्त्र अशा विषयांच्या जागा मोजक्याच, आणि त्यांवर डोळे लावून बसलेले पीएच.डी. झालेले तरुण मात्र पुष्कळ. जाहिरातीत कालखंड असतो, भाषाज्ञानाच्या अटी असतात आणि कधी कधी पदाच्या नावातच एखाद्या प्रतिष्ठानाचे किंवा धनिकाचे नाव गुंफलेले असते. हार्वर्डमधले कोरियन इतिहासाचे अध्यासन यून से-यंग या कोरियन उद्योगपतीच्या नावाचे आहे. नोकरी शोधणाऱ्याने या नावांकडे लक्ष द्यावे अशी अपेक्षा नाही. इतिहास लिहिणाऱ्याने मात्र द्यावे. विषय महत्त्वाचा आहे म्हणून जागा निघते, की त्या घडीला कोणाला तरी तो महत्त्वाचा वाटतो म्हणून? हा प्रश्न कोरियाविद्येच्या बाबतीत फार उघडा पडलेला दिसतो.

सुरुवात १९३७ सालापासून करू. त्या वर्षी एडविन रायशॉवर हा तरुण अमेरिकन अभ्यासक चीनला निघाला होता. खिशात हार्वर्ड-येनचिंग संस्थेची शिष्यवृत्ती. ही संस्था १९२८ साली उभी राहिली ती ॲल्युमिनियमच्या धंद्यात अमाप पैसा मिळवलेल्या चार्ल्स मार्टिन हॉल यांच्या मृत्युपत्रातल्या रकमेतून. चीन-जपान युद्ध पेटले, पुढचा रस्ता बंद झाला आणि रायशॉवर जपानी अमलाखालच्या सोलमध्ये अडकले. तिथे त्यांची गाठ जॉर्ज मॅक्क्यून यांच्याशी पडली. मॅक्क्यून हे मिशनऱ्याचे पुत्र, जन्म प्योंगयांगचा. दोघांनी मिळून कोरियन शब्द रोमन लिपीत लिहिण्याची एक पद्धत बसवली. ती १९३९ साली प्रसिद्ध झाली आणि पुढची अनेक दशके जगभरच्या ग्रंथालयांची सूचिपत्रे तिच्यावर चालली.

या कामात त्यांनी ज्या कोरियन भाषातज्ज्ञांचा सल्ला घेतला, त्यांत चे ह्यन-बे हे एक होते. १९४२ साली जपानी पोलिसांनी कोरियन भाषा मंडळाच्या कार्यकर्त्यांना धरले. मंडळ कोरियन भाषेचा कोश तयार करत होते, एवढा गुन्हा पुरेसा होता. चे ह्यन-बे १९४५पर्यंत तुरुंगात राहिले. एका भाषेचा अभ्यास करण्यासाठी एकाला शिष्यवृत्ती आणि दुसऱ्याला कोठडी, ही या विद्याशाखेची पहिली जमाखर्चाची नोंद म्हणायला हरकत नाही. रायशॉवर यांना दोष देण्याचे कारण नाही. ते पुढे जपानविद्येतले मोठे नाव झाले आणि अमेरिकेचे जपानमधले राजदूतही.

जपानच्या शरणागतीच्या तोंडावर, १९४५च्या ऑगस्टमध्ये, वॉशिंग्टनमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास दोन लष्करी अधिकाऱ्यांनी नकाशा समोर ठेवून अडतिसाव्या अक्षांशावर कोरियाची फाळणी सुचवली. त्यांना त्यासाठी अर्धा तास मिळाला होता आणि कोरियाचा जाणकार जवळ कोणी नव्हता. जाणकार होते तरी किती? मॅक्क्यून युद्धकाळात सरकारी सेवेत होते. १९४६पासून ते बर्कलीला शिकवू लागले आणि १९४८ साली चाळिशीतच वारले. त्यांचे कोरियावरचे पुस्तक १९५० साली, म्हणजे युद्ध सुरू झाले त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात निघाले. त्या युद्धात ३६ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मेले. कोरियन मृतांचा आकडा लाखांत जातो.

इतके होऊनही कोरियन शिकवण्याच्या जागा भराभर निघाल्या असे झाले नाही. पैसा सुटला तो रशियाच्या स्पुतनिकने घाबरवल्यावर. २ सप्टेंबर १९५८ रोजी अमेरिकेत राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. नावातच ‘संरक्षण’ आहे, लपवाछपवी काही नाही. परकीय भाषांची केंद्रे आणि विद्यावेतने त्यातून सुरू झाली. पहिल्या प्राधान्याच्या सहा भाषा ठरल्या : अरबी, चिनी, हिंदी-उर्दू, जपानी, पोर्तुगीज आणि रशियन. जिथे नुकतेच युद्ध लढले गेले त्या देशाची भाषा या सहांत नव्हती. फोर्ड प्रतिष्ठानानेही १९५३ ते १९६६ या काळात प्रादेशिक अभ्यासांसाठी ३४ विद्यापीठांना सुमारे २७ कोटी डॉलर दिले. चीन आणि रशियाच्या पंगतीत कोरियाच्या पानावर थोडेच पडले.

या पंगतीत मराठीही एका कोपऱ्यात होती. रेशनच्या दुकानातला अमेरिकन गहू आपण रुपयांत विकत घेत होतो. त्याच रुपयांतून १९६२पासून भारतीय पुस्तके खरेदी होऊन अमेरिकन विद्यापीठांच्या ग्रंथालयांत जाऊ लागली, आणि त्यांत मराठी पुस्तकेही होती. तिथल्या मराठीच्या अभ्यासकांना ती कपाटे आजही उपयोगी पडतात. तेव्हा कोरियाविद्येकडे बोट दाखवताना आपली तीन बोटे कुठे वळतात, तेही पाहावे.

कोरियात अमेरिकन अभ्यासकांची पहिली मोठी पिढी घडवली ती मात्र विद्यापीठांनी नव्हे. पीस कोअरचे स्वयंसेवक १९६६ ते १९८१ या काळात दक्षिण कोरियात गेले; कोणी इंग्रजी शिकवले, कोणी क्षयरोगाच्या कामाला लागले. ब्रूस कमिंग्स, कार्टर एकर्ट, लॉरेल केंडल हे त्यांतलेच. कोरियन घरात राहून, तिथला हिवाळा आणि तिथली हुकूमशाही दोन्ही अनुभवून ही मंडळी परतली आणि संशोधनाकडे वळली. मित्रराष्ट्राची सदिच्छा मिळवण्यासाठी सरकारने त्यांना धाडले होते. कमिंग्स यांनी लिहिलेल्या कोरियन युद्धाच्या उगमावरील ग्रंथाचा पहिला खंड १९८१ साली आला. त्यात १९४५नंतरच्या अमेरिकन लष्करी प्रशासनाची झाडाझडती होती. चॉन डू-ह्वान यांच्या राजवटीने त्यावर बंदी घातली. विद्यार्थी तो चोरून वाचत राहिले.

पण मला सगळ्यांत विचार करायला लावते ते १९७५ साल. पार्क चुंग-ही यांनी १९७२ साली नवी राज्यघटना आणून आजन्म सत्तेची सोय करून घेतली होती. १९७५च्या मे महिन्यात निघालेल्या नवव्या आणीबाणी फर्मानाने त्या घटनेवर टीका करणे हाच गुन्हा ठरवला. आणि त्याच वर्षी कोरियन निर्यातदारांच्या संघटनेने हार्वर्डला कोरियाविद्येसाठी दहा लाख डॉलर दिले. कल्पना नवी नव्हती. जपानचे पंतप्रधान तानाका यांनी १९७३ साली दहा अमेरिकन विद्यापीठांना प्रत्येकी दहा लाख डॉलर वाटले होते. पण जपानमध्ये निवडून आलेले सरकार होते.

आता याच चित्राची दुसरी बाजू. पेक नाक-चंग हे कोरियन समीक्षक. १९६६ साली त्यांनी एक वाङ्मयीन त्रैमासिक काढले. नावाचा अर्थ ‘सर्जन आणि समीक्षा’. डी. एच. लॉरेन्सवर प्रबंध लिहून त्यांनी १९७२ साली पीएच.डी. घेतली ती हार्वर्डचीच. सोल राष्ट्रीय विद्यापीठात ते शिकवत. लोकशाही घटनेची मागणी करणाऱ्या निवेदनावर सही केली म्हणून १९७४ साली त्यांना नोकरीवरून काढले. हार्वर्डने शिकवलेल्या माणसाची जागा सोलमध्ये गेली, आणि वर्षभरात सोलच्या पैशाने हार्वर्डमध्ये जागेची तरतूद झाली. दोन्ही निर्णय एकाच राजवटीच्या छायेतले. पेक १९८० साली परत रुजू झाले, पण त्याच वर्षी नव्या लष्करशहाने त्यांचे त्रैमासिक बंद पाडले. ते पुन्हा निघायला १९८८ उजाडले. नियतकालिक चालवणाऱ्यांना आणि त्याची वर्गणी भरणाऱ्यांना या आठ वर्षांचे मोल वेगळे सांगायला नको.

देणगीवर तेव्हाही टीका झाली. पुढे कोरियन सरकारने अमेरिकेत चालवलेल्या लाचखोरीचे प्रकरण बाहेर आले आणि अमेरिकन संसदेच्या उपसमितीने १९७७-७८मध्ये चौकशी केली. तरीही पैसा वाईट म्हणून त्यातून उभे राहिलेले सगळे काम वाईट, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सिॲटलला शिकवणारे जेम्स पॅले हे पार्क राजवटीचे कडवे टीकाकार, आणि पारंपरिक कोरियन समाजातल्या गुलामगिरीबद्दल कोरियन राष्ट्रवाद्यांना न रुचणारे लिहिणारेही. एकर्ट हे त्यांचे विद्यार्थी. यून से-यंग यांचे नाव असलेल्या अध्यासनावर पुढे बसलेले एकर्ट यांनी जे पुस्तक लिहिले, ते कोरियन भांडवलशाही जपानी वसाहतवादाच्या कुशीत कशी वाढली याचे. कोरियन उद्योगपतींना ते सुखावणारे खासच नव्हते.

लोकशाही आल्यावर दक्षिण कोरियाने हे काम रीतसर अंगावर घेतले. १९९१ साली कोरिया फाउंडेशन स्थापन झाले. परदेशी विद्यापीठांतली पदे, शोधवृत्त्या, भाषाशिक्षणाची वेतने यांचा मोठा आधार तेव्हापासून तेच आहे. मग गाणी आली, मालिका आल्या. अमेरिकेत २०१६ ते २०२१ या काळात परकीय भाषा शिकणारे महाविद्यालयीन विद्यार्थी सुमारे १७ टक्क्यांनी घटले, आणि कोरियन शिकणारे ३८ टक्क्यांनी वाढले. पण वर्ग भरले म्हणून इतिहासाच्या कायम जागा त्या प्रमाणात निघत नाहीत. भाषेचे तास मुदतीच्या करारावरच्या शिक्षकांकडे जातात. आपल्याकडचे घड्याळी तासिकावाले प्राध्यापक आठवावेत. खुद्द कोरियात तासिकेवरच्या अध्यापकांना किमान वर्षभराची नेमणूक देणारा कायदा २०११ साली संमत झाला, पुन:पुन्हा लांबणीवर पडला आणि लागू व्हायला २०१९चा ऑगस्ट उजाडला.

भारतातही यादी बदलली. नव्या शैक्षणिक धोरणाच्या २०१९च्या मसुद्यात शाळेत शिकवायच्या परकीय भाषांमध्ये चिनीचे नाव होते. २०२०च्या जुलैत अंतिम धोरण आले तेव्हा चिनी गळली होती. गलवानला जेमतेम दीड महिना झाला होता. कोरियनचे नाव मात्र त्या यादीत आहे.

हार्वर्डमध्ये कोरियाविद्या रुजवली ती एडवर्ड वॅग्नर यांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी नोकरीत ते कोरियाला गेले, आणि १९५८पासून हार्वर्डला शिकवू लागले. दहा लाख डॉलरची ती देणगी आली तेव्हा विषय सांभाळणारे तेच होते. त्यांचे आयुष्यभराचे काम मात्र अगदी निराळे, वहीखात्यासारखे. सोंग जुन-हो या कोरियन सहकाऱ्याबरोबर त्यांनी चोसन राजवटीच्या पाच शतकांत दरबारी नोकरीची सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाची नोंद गोळा केली : नाव, गाव, बाप, आजा, सासरा. नावे भरली सुमारे १४,६००. मोठा वाटा थोड्या घराण्यांकडेच गेलेला दिसतो. आणि उत्तरकाळात उत्तीर्ण होणारे इतके वाढले, की दरबारात जागा नसल्यामुळे त्यांतले कित्येक जण नेमणुकीची वाट पाहत गावी बसून राहिले. १८९४ साली ती परीक्षाच बंद झाली. वॅग्नर पुढे निवृत्त झाले आणि २००१ साली वारले. नोंदी तपासणे तोवर चालू होते.