आधी हात धुऊन या

नववीतला तो तास तुम्हालाही आठवत असेल. इतिहासाच्या सरांनी घरचा मोडी कागद वर्गात आणला आणि आधी सगळ्यांना नळावर पिटाळलं. साबण लावा, हात कोरडे करा, मगच कागदाला शिवा! पुढे मी संग्रहालयात नोकरीला लागले आणि पांढरे सुती हातमोजे म्हणजेच शास्त्र, असं धरून बसले.

मागच्या मेळाव्यात सरांनी तोच कागद पुन्हा आणला. मी सगळ्यांदेखत त्यांना हातमोजे घालायला लावले. घडी उलगडताना बोटांना कड कळेना आणि कोपरा फाटला. सर काही बोलले नाहीत. कागद माझ्या हातात ठेवला, इतकंच.

नंतर वाचत गेले, तेव्हा कळलं की ही प्रथा मुळात फार जुनी नाही. छायाचित्रकार निगेटिव्ह हाताळताना हातमोजे घालत. ग्रंथालयांत ते सर्रास दिसू लागले विसाव्या शतकाच्या अखेरीस. २००५ साली कॅथलीन बेकर आणि रँडी सिल्व्हरमन यांनी एका लेखात या समजुतीची चांगलीच झडती घेतली. ब्रिटिश लायब्ररीही जुन्या हस्तलिखितांसाठी स्वच्छ, कोरडे हातच सांगते. सुती कापड घाम आरपार सोडतं, धूळ धरतं आणि बोटांची जाण घालवतं. म्हणजे सरांचा नळच बरोबर होता.

धातूचं मात्र उलट. घामातलं मीठ आणि तेलकट आम्लं चांदी-पितळेवर बसतात. ठसा सुरुवातीला दिसत नाही, हळूहळू काळा उमटतो, आणि एकदा का धातू खाल्ला गेला की पुसून जात नाही. आपल्या कबड्डीच्या करंडकावर असा एक अंगठा कायमचा बसलाय. (कोणाचा ते कप्तानांनी स्वतःच सांगावं.) जुन्या फोटोंवरचा जिलेटिनचा थरही बोटांचे डाग असेच धरून ठेवतो. या दोन्हींसाठी नायट्राइलचे हातमोजे बरे.

म्हणून यंदाच्या प्रदर्शनात करंडक आणि फोटोंपाशी हातमोज्यांचा डबा असेल. कागदांच्या टेबलापाशी बादली, साबण आणि धुतलेला पंचा.

सर, कोपरा जपानी कागदाच्या पट्टीनं, गव्हाच्या खळीनं सांधून घेतलाय. घडी तुम्हीच उलगडायची, उघड्या हातांनी.