दोन ओळींमधील जागा : देवनागरी मजकुरातील ओळ व परिच्छेद यांच्या अंतराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

छापील पृष्ठाचा विचार करताना सामान्यतः अक्षरांचा विचार होतो, अक्षरांच्या मधल्या कोऱ्या जागेचा होत नाही. वास्तविक वाचकाची दृष्टी एका ओळीच्या शेवटाहून दुसऱ्या ओळीच्या आरंभाकडे न चुकता वळते, ती या कोऱ्या जागेमुळेच. आज संगणकावर मजकूर लिहिणारी व्यक्ती 'एकेरी', 'दीडपट' किंवा 'दुप्पट' अंतर निवडते आणि हा निर्णय क्षणात संपतो. परंतु या निर्णयामागे हस्तलिखित, खिळ्यांचे मुद्रण, टंकलेखन यंत्र आणि संगणक असा मोठा इतिहास आहे. या इतिहासात ओळींचे अंतर कोणी ठरवले, कोणत्या लिपीच्या मापाने ठरवले आणि त्याचा देवनागरी मजकुरावर काय परिणाम झाला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

हस्तलिखितांतील ओळ

भारतीय पोथी आडव्या पानांवर लिहिली जात असे. मजकूर सलग असे. दंड, दुहेरी दंड, श्लोकांक किंवा ओवीचा अंक यांवरून विराम कळे. अध्यायाची समाप्ती व पुष्पिका यांच्याकडे लक्ष वेधण्यासाठी गेरूचा किंवा तांबड्या शाईचा उपयोग होई. नवा मुद्दा नव्या ओळीवर सुरू करावा, ही कल्पना तेथे आवश्यक नव्हती. कारण ग्रंथ बहुधा पद्यात असे आणि पद्याचे विभाजन छंदच करीत असे.

मोडी लिपीची पद्धत या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. मोडी लिहिणारा कारकून प्रथम कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढून घेई आणि मग त्या रेघेखाली अक्षरे लिहीत जाई. शब्द तोडण्याची प्रथा नव्हती. म्हणजेच शिरोरेषा हीच कागदाची आखणी होती आणि दोन ओळींमधील अंतर मजकूर लिहिण्यापूर्वीच ठरत असे. हे अंतर लेखकाच्या हाताच्या सवयीवर व कागदाच्या बचतीवर अवलंबून होते.

शिळामुद्रणाने ही परंपरा काही काळ पुढे चालवली. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मराठी पंचांग शिळाछापावर छापले. शिळाछापात खिळे नसतात; लेखकाने लिहिलेले अक्षरच दगडावर उतरते. त्यामुळे वेलांट्या, मात्रा व उकार यांना लागणारी जागा लेखणीच हेरत असे.

खिळ्यांचे मुद्रण आणि शिशाची पट्टी

युरोपात पंधराव्या शतकात खिळ्यांच्या मुद्रणाला आरंभ झाला, तेव्हाच ओळींचे अंतर हा आर्थिक प्रश्न बनला. योहान गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास पूर्ण केलेले बायबल '४२ ओळींचे' म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु त्याच्या आरंभीच्या पृष्ठांवर ४० ओळी आहेत आणि पुढे ती संख्या ४२ झालेली दिसते. ओळींमधील जागा कमी करून कागद वाचवणे, हे या बदलाचे कारण मानले जाते. पुढे दोन ओळींमध्ये शिशाची पातळ पट्टी घालण्याची रीत रूढ झाली. या धातूच्या नावावरूनच ओळींच्या अंतराला इंग्रजीत 'लेडिंग' हे नाव मिळाले आणि मराठी छापखान्यांतही ही पट्टी 'लेड' या नावानेच ओळखली गेली.

भारतात मुद्रणकला १५५६ मध्ये गोव्यात आली. मात्र देवनागरी खिळे उपलब्ध नसल्यामुळे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रोमन लिपीत छापावे लागले. देवनागरी खिळ्यांतून मराठी ग्रंथ छापण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे यांच्या प्रयत्नांतून सुरू झाले. १८०५ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण तेथे प्रसिद्ध झाले.

येथे देवनागरीची मूळ अडचण लक्षात घेणे आवश्यक आहे. रोमन अक्षरे बहुतांशी एका पातळीवर बसतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार येतात. खाली उकार, ऋकार आणि उभी जोडाक्षरे येतात. म्हणजे एकाच ओळीत तीन मजले असतात. मुंबईच्या छापखान्यांत रूढ झालेल्या 'डिग्री' पद्धतीत हे मजले खरोखरच वेगवेगळ्या खिळ्यांनी रचले जात. वरची चिन्हे, मधली अक्षरे व खालची चिन्हे स्वतंत्रपणे जुळवली जात आणि जेथे चिन्ह नसेल तेथे कोरा तुकडा बसवावा लागे. 'अखंड' पद्धतीत अक्षर व चिन्ह यांची सांगड खिळ्यातच घातलेली असे. डिग्री पद्धतीत जुळाऱ्याचे श्रम वाढत. परंतु दोन ओळींमधील चिन्हे एकमेकांना भिडण्याचा धोका नसे, कारण त्यांची जागा रचनेतच राखून ठेवलेली असे. बापूराव नाईक यांच्या 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' (१९७१) या ग्रंथात देवनागरी मुद्रणाच्या या तांत्रिक बाजूचा सविस्तर अभ्यास आढळतो.

जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचे कार्य या संदर्भात महत्त्वाचे आहे. राणोजी रावजी आरू यांच्या कौशल्यातून तेथील देवनागरी टंक घडला. या छापखान्याच्या सटीक संस्कृत ग्रंथांत मूळ श्लोक मोठ्या अक्षरात, टीका लहान अक्षरात व तळटीपा त्याहून लहान अक्षरात दिसतात. अक्षराचा आकार व ओळींचे अंतर यांच्या साहाय्याने मजकुराची प्रतवारी वाचकाला दाखवण्याचे हे उत्तम उदाहरण होय.

परिच्छेदाचा प्रवेश

परिच्छेद हा प्रामुख्याने गद्याचा सोबती आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेल्या 'दर्पण'मध्ये मराठी व इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी स्तंभांत छापला जाई. वृत्तपत्र, पाठ्यपुस्तक व निबंध यांच्या प्रसाराबरोबर मराठी गद्याने इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे स्वीकारली. या कार्यात मेजर थॉमस कँडी यांचा वाटा मोठा आहे. विचाराचा एक टप्पा संपला हे दाखवण्यासाठी पहिली ओळ थोडी आत घेण्याची किंवा दोन परिच्छेदांमध्ये जागा सोडण्याची रीतही याच गद्याबरोबर स्थिरावली. या दोन्ही खुणांचे कार्य एकच असल्यामुळे त्यांपैकी एकच वापरावी, असा मुद्रणाचा संकेत आहे.

टंकलेखन यंत्र : अंतराचे प्रमाणीकरण

टंकलेखन यंत्राने ओळींचे अंतर जुळाऱ्याच्या हातून काढून यंत्राच्या दात्यांकडे सोपवले. सर्वसाधारण रोमन यंत्रावर एकेरी अंतरात एका इंचात ६ ओळी बसत. दुप्पट अंतरात ३. 'एकेरी', 'दीडपट' व 'दुप्पट' हे आजचे शब्द येथूनच आले. न्यायालयीन कागद, कार्यालयीन मसुदे व प्रबंध दुप्पट अंतराने टंकलिखित करण्यामागे व्यावहारिक कारण होते : दुरुस्ती हाताने दोन ओळींमध्येच लिहावी लागे. भारतात गोदरेजने १९५५ मध्ये स्वदेशी टंकलेखन यंत्र तयार केले आणि पुढे देवनागरी यंत्रे सरकारी कार्यालयांत रुळली. या यंत्रांत चिन्हांसाठी अशा कळा होत्या, की त्या दाबल्यावर कागद पुढे सरकत नसे. तीन मजल्यांची देवनागरी ओळ अशा रीतीने रोमन लिपीसाठी घडलेल्या यंत्रात बसवली गेली.

शब्दसंस्करण आणि देवनागरी

संगणकीय शब्दसंस्करण प्रणालींनी टंकलेखन यंत्राची परिभाषा जशीच्या तशी उचलली, परंतु तिचा अर्थ बदलला. यंत्रावर 'एकेरी' हे ठरावीक माप होते. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये 'एकेरी' म्हणजे निवडलेल्या टंकाने स्वतःसाठी सांगितलेली उंची होय. टाइम्स न्यू रोमन या टंकात ती अक्षराच्या आकाराच्या सुमारे १.१५ पट आहे. देवनागरी टंकात वरच्या व खालच्या चिन्हांसाठी ही उंची साहजिकच अधिक ठेवावी लागते. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला आणि विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा टंक त्याचे परिचित उदाहरण आहे.

याचा परिणाम साध्या हिशेबाने स्पष्ट होतो. ए-४ कागदाची उंची ८४२ पॉइंट असते. वर व खाली एकेक इंच समास सोडल्यास ६९८ पॉइंट उरतात. १२ पॉइंट टाइम्स न्यू रोमनमध्ये 'दीडपट' अंतर ठेवल्यास एक ओळ सुमारे २०.७ पॉइंट घेते व पृष्ठावर ३३ ओळी बसतात. एखाद्या देवनागरी टंकाची एकेरी ओळ १८ पॉइंट मानली, तर दीडपट अंतराने ती २७ पॉइंट होते आणि पृष्ठावर केवळ २५ ओळी बसतात. ओळीतील मजकूर सारखाच धरला, तर इंग्रजीतील २०० पृष्ठे मराठीत २६४ होतात. 'दीडपट अंतर' हा नियम दोन्ही भाषांना समान दिसतो. प्रत्यक्षात मराठीत लिहिणाऱ्याला कागद, छपाई व बांधणी यांचा अधिक खर्च सोसावा लागतो. पृष्ठमर्यादा असेल, तर तेवढा मजकूर गमवावा लागतो.

याउलट 'नेमके' अंतर निवडून ओळी आवळल्यास दुसरा दोष उद्भवतो : वरचे रफार व अनुस्वार पडद्यावर कापले जातात किंवा वरच्या ओळीतील उकारांना भिडतात. 'किमान' अंतराचा पर्याय यातून मार्ग काढतो; त्यात दिलेले माप पाळले जाते, मात्र अक्षराला अधिक जागा लागल्यास ती मिळते.

परिच्छेदाच्या बाबतीतही असाच बदल घडला. वर्ड २००३ पर्यंत मूळ मांडणीत ओळी एकेरी व परिच्छेदानंतर जागा शून्य होती. वर्ड २००७ ने १.१५ पट ओळ व परिच्छेदानंतर १० पॉइंट जागा ही मूळ मांडणी केली. वर्ड २०१३ मध्ये ती १.०८ पट व ८ पॉइंट झाली. टंकलेखनाच्या सवयीने दोनदा 'एंटर' दाबणाऱ्याच्या मजकुरात त्यामुळे प्रमाणाबाहेर पोकळी दिसू लागली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ओळींचे अंतर ही केवळ सजावट नसून लिपीच्या रचनेशी निगडित बाब आहे. दुसरी, पोथीलेखक व जुळारी हे अंतर देवनागरी अक्षर पाहून ठरवीत. टंकलेखन यंत्रापासून ते रोमन लिपीच्या मापाने ठरू लागले आणि संगणकाने त्या मापाला मूळ मांडणीचे रूप दिले. तिसरी, एकाच आकड्याचा अर्थ टंकानुसार बदलत असल्यामुळे केवळ 'दीडपट' किंवा 'दुप्पट' असे सांगणारा नियम अपुरा आहे. मराठी प्रबंध, शासकीय कागदपत्रे व नियतकालिके यांच्या नियमांत टंकाचे नाव, अक्षराचा आकार आणि ओळीची पॉइंटांतील किमान उंची या तिन्ही बाबी एकत्र नमूद व्हाव्यात. तसेच लेखनाची मर्यादा पृष्ठांऐवजी शब्दांत दिली जावी. असे झाल्यास जुन्या जुळाऱ्याने शिशाच्या पट्टीने साधलेला विवेक नव्या साधनातही टिकून राहील आणि मराठीत लिहिणाऱ्यावरील अकारण भार दूर होईल.