तालीसपत्राचे रान

मंठाळ परिसरातील जुन्या मराठी घरांत तालीसादी चूर्णाची बाटली नाही असे घर विरळाच. आमच्या लहानपणी खोकल्याची ढास लागली की आजी मधातून ती चिमूटभर भुकटी चाटवीत असे. मिरी, सुंठ, पिंपळी, वंशलोचन, वेलदोडा, दालचिनी, साखर ही नावे आम्हांस पाठ होती. ज्याच्या नावाने चूर्ण ओळखले जाते ते तालीसपत्र कोणत्या रानात उगवते, हे मात्र घरात कोणास ठाऊक नव्हते. चरकसंहितेत राजयक्ष्म्याच्या प्रकरणात हा पाठ आला आहे. म्हणजे हिमालयातील पान आणि दक्षिणेतील मिरी यांची गाठ दीड हजार वर्षांहून जुनी.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही केदारनाथास गेलो. तेथील रावळांची परंपरा कर्नाटकातील वीरशैवांची, त्यामुळे आपल्याकडील माणसास तो मार्ग अगदीच परका वाटत नाही. उखीमठाहून चोपत्याकडे चढताना, सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर, ते रान भेटले. फर कुळातील रागा हा तेथील उंच, सरळसोट, काळसर वृक्ष. त्याची शंकूफळे फांदीवर ताठ उभी असतात. त्याच्या जोडीला खरसू नावाचा ओक, खाली रिंगाळ बांबू, खोडांवर शेवाळ आणि दगडफूल. थंडीत बर्फ, पावसाळ्यात धुके; ओल हटत नाही. रागा व त्याचे सगोत्र यांचे पान हेच वैद्यांचे तालीसपत्र.

याच दाट सावलीत थुनेर वाढतो, आणि खरी कथा त्याची आहे. पाने रागासारखी, म्हणून बाजारात तीही तालीसपत्र म्हणून खपतात. पण ती विषारी. याच कुळातील अमेरिकी वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल हे कर्करोगावरील औषध मिळाले. मन्रो वॉल यांच्यासह १९७१ साली त्याची रचना मांडणारे मनसुख वाणी १९२५ साली आपल्या नंदुरबारात जन्मले, हे आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच माहीत असेल. १९९२ मध्ये अमेरिकेत औषधास मान्यता मिळाली आणि मागणी हिमालयापर्यंत पोहोचली. पाला ओरबाडला गेला, साली सोलल्या गेल्या. थुनेरात नर व मादी वृक्ष वेगळे, वाढ अतिशय मंद. जवळपास जोडीदार उरला नाही तर बी धरत नाही, आणि रागा-खरसूची सावली गेली तर रोप तगत नाही. १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. २०११ मध्ये त्याची गणना संकटग्रस्त जातींत झाली. जीव वाचविणाऱ्या औषधापायी झाडाच्याच जिवावर बेतावे, हे आम्हांस आजही खटकते.

परतल्यावर बसवकल्याणच्या बाजारात आम्ही तालीसपत्र मागितले. रागाच्या पानाचे टोक दुभंगलेले, थुनेरचे अणकुचीदार, एवढी खूण आम्ही शिकून आलो होतो. दुकानदाराने बरणी उघडली. आत नुसता चुरा होता.