मंडपाची जागा

परिषदेचा इतिहास लिहिणारा ठरावांपासून सुरुवात करतो. मी मंडपापासून करतो, याचे कारण घरचे आहे. माझे चुलते, नाना, रोजंदारीवर मांडव घालायला जात. खड्डे खणायचे, कळक उभे करायचे, सुतळीने आवळायचे, वर कापड ताणायचे. कार्य उरकले की गाठी सोडून तेच कळक खांद्यावर घ्यायचे आणि खड्डे बुजवून द्यायचे. त्यांनी उभ्या केलेल्या मांडवात त्यांना कोणी पंगतीला बसवल्याचे मला आठवत नाही. नाना म्हणत, कापड भाड्याने मिळते, पण खड्डा खणायला दुसऱ्याची जमीन लागते.

महाडचा इतिहास मला या वाक्यावरून उलगडला.

१९ व २० मार्च १९२७ रोजी तेथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. जमलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले. वीस तारखेला बाबासाहेबांच्या मागोमाग लोक चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले. मग आवई उठली, की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. मंडपात तेव्हा कोणी सामान बांधत होते, कोणी गावी निघण्यापूर्वी दोन घास खात होते. जमाव नेमका तेथे आला. अन्न मातीत गेले, भांडी ठेचली गेली, माणसे रक्तबंबाळ झाली. सनातन्यांनी हल्ल्याची वेळ बरोबर निवडली! परिषद पांगत असते तेव्हा माणूस एकटा असतो.

डिसेंबरात सत्याग्रह परिषद भरवायची ठरली तेव्हा पहिली अडचण ठरावाची नव्हती, जागेची होती. हिंदूंपैकी कोणी जमीन देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी ती दिली. महाडचे व्यापारी माल देईनात, म्हणून शिधासामग्री बाहेरून आणावी लागली. बाबासाहेब व त्यांचे सहकारी 'पद्मावती' बोटीने दासगावला उतरले आणि तेथून महाडला आले. ज्या मंडपापुढे २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जळाली, त्या मंडपात तसबीर एकच होती, आणि ती गांधीजींची होती. आजच्या कार्यकर्त्याला हे खटकेल. पण १९२७ साल १९३२ च्या चष्म्यातून वाचून चालणार नाही. दहनासाठी वेदी म्हणून दीड फूट चौरस, सहा इंच खोल खड्डा खणला होता. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हेही नोंदवून ठेवावे.

तळ्यावर जायला मात्र दिवाणी कोर्टाची तात्पुरती मनाई आडवी आली होती. ती १४ डिसेंबरलाच निघाली होती. सत्याग्रहासाठी नावे दिलेली हजारो माणसे मंडपात बसून होती, त्यांना थांबायला सांगणे सोपे नव्हते. शेवटी सत्याग्रह तहकूब झाला आणि लोकांनी मिरवणुकीने तळ्याला वळसा घातला. मंडप तीन दिवसांचा होता. खटला नऊ वर्षांहून अधिक काळ चालला; मुंबई हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला, तो आपल्या बाजूने.

हे सारे मी एकदा नानांना सांगत होतो. मनुस्मृतीपर्यंत आलोही नव्हतो, तोच त्यांनी मला थांबवले.

"जागा कुणी दिली म्हणालास?"

मी नाव पुन्हा सांगितले.