वेलदोड्याचे रान : एक कुळकथा

केरळच्या इडुक्की जिल्ह्यात, तामिळनाडूच्या सरहद्दीला चिकटून वसलेल्या कुमळी या गावी उतरणाऱ्या प्रवाशाला दोन गोष्टी आवर्जून पाहावयास सांगतात : तेक्कडीच्या सरोवरातून होडीत बसून दिसणारे, काठावर पाणी पिण्यास आलेले हत्ती व गवे, आणि गावाभोवतीच्या उतारांवरील मसाल्याचे मळे. सकाळी अभयारण्य आणि दुपारी मळा हा क्रम आता इतका रूढ झालेला आहे की, या दोन वस्तू एकमेकींच्या शेजारी कशा आल्या, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात उद्भवत नाही. आणि उद्भवलाच, तर निसर्गाची कृपा एवढ्या उत्तरावर त्याची बोळवण होते. परंतु केवळ निसर्गाच्या कृपेवर एखादे मोठे अरण्य शतकाहून अधिक काळ उभे राहिले, असा आपल्या देशाचा अनुभव नाही. ते कोणाच्या तरी उपयोगाचे असावे लागते, आणि तो उपयोग तोडण्यापेक्षा राखण्यात अधिक असावा लागतो. सह्याद्रीच्या दक्षिणेकडील ज्या डोंगरांना नकाशातही वेलदोड्याचे डोंगर म्हणतात, तेथे हा उपयोग प्रथम एका झुडपाने आणि मागाहून एका धरणाने पुरविला. वन्य प्राण्यांचा विचार त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाला.

झुडूप म्हटले खरे, पण वेलदोडा हा आल्याच्या व हळदीच्या कुळातला कंद. त्याची हिरवी पाती माणसाच्या डोक्याच्याही वर जातात, आणि मळा पाहावयास आलेला नवखा मनुष्य त्या पात्यांमध्येच वेलदोडे शोधीत राहतो. माहीतगार मात्र त्याला खाली वाकावयास सांगतो, कारण फुलांचे व बोंडांचे घोस निघतात ते बुंध्याशी, जमिनीलगत, आणि मलबारी जातीत तर ते सरपटल्यासारखे मातीवरच पसरलेले असतात. पांढऱ्या पाकळीवर जांभळट रेषा असलेली ती फुले मधमाश्यांवाचून फळत नाहीत. या वनस्पतीची तब्येत मोठी नाजूक आहे. सुमारे 600 ते 1200 मीटर उंचीवरची थंड, ओलसर हवा तिला मानवते. ऊन थेट पडले तर पात करपते, आणि काळोख फार झाला तर पात माजते पण फूल धरत नाही. तिला हवा असतो तो उंच वृक्षांच्या छतातून गाळून आलेला कवडसा. म्हणून गहू किंवा कापूस पेरणारा शेतकरी ज्या कामाने आरंभ करतो, म्हणजे रान साफ करणे, ते काम वेलदोडा लावणाऱ्याला अर्ध्यावर थांबवावे लागते : खालची झुडपे व वेली काढायच्या, मधल्या फांद्या छाटायच्या, आणि वरचे जुने वृक्ष मात्र जसेच्या तसे उभे ठेवायचे.

ही रीत कोणी शोधून काढली हे विचारण्यात अर्थ नाही; पण ती कशी सुचली असेल, याचा माग कोडगू प्रांतातील एका जुन्या पद्धतीत लागतो. तेथील लोक पूर्वी वेलदोडा लावीतच नसत. दाट सदाहरित रानात, डोंगराच्या उतारावर जागा हेरून तेथील एखादा प्रचंड वृक्ष ते पावसाळ्याच्या आधी तोडून पाडीत. तो वृक्ष कोसळताना आजूबाजूची लहान झाडे आपल्याबरोबर घेऊन जाई, माती उखळली जाई, छताला भगदाड पडून उजेड खाली येई, आणि काही महिन्यांत त्या उजेडाच्या तुकड्यात वेलदोड्याची रोपे आपोआप उगवून येत. वृक्षाच्या आघाताने धरणी हादरते व त्या हादऱ्याने बी जागे होते, अशी त्या लोकांची समजूत. मातीत निद्रिस्त पडलेल्या बियांना प्रकाश व मोकळी जमीन लाभल्याने त्या रुजतात, असा आजचा उलगडा. दोन्हींचा व्यवहारातला निष्कर्ष एकच. उगवलेल्या रोपांची निगा राखून काही वर्षे पीक घ्यायचे, ते थकले की ती जागा पुन्हा रानाच्या स्वाधीन करून दुसरीकडे वृक्ष पाडायचा, असा हा क्रम होता. वादळात उन्मळलेल्या झाडाखाली वेलदोडा माजतो, हे रानात हिंडणाऱ्या लोकांनी पूर्वीच पाहिलेले असणार, आणि वादळाची वाट न पाहता कुऱ्हाड चालविणे ही त्या निरीक्षणाची पुढची पायरी, असे मानावयास जागा आहे.

बाहेरच्या जगाला मात्र या रानाची वार्ता नव्हती. त्याला ठाऊक होता तो बाजारात आलेला सुका माल. प्लिनी आणि डायॉस्कोरिडीज या प्राचीन ग्रंथकारांनी वेलदोडा समजल्या जाणाऱ्या सुगंधी द्रव्याची वर्णने केली आहेत खरी, पण ती वर्णने कोणत्या वनस्पतीची, याविषयी पंडितांचे वाद पुष्कळ आहेत. गोव्यात राहून वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने आपल्या संवादरूप ग्रंथात, जो 1563 साली गोव्यातच छापला गेला, या घोळाला हात घातला आणि पोथीतल्या वर्णनापेक्षा डोळ्यांसमोरच्या मालावर अधिक विश्वास ठेवला. आपल्याकडील स्वयंपाकघरांचा संबंधही मालापुरताच राहिला. जुन्या पिढीच्या डब्यांत असे ती पांढरी वेलची. हावेरीच्या बाजारात रिठ्याच्या पाण्याने धुऊन तिला तो रंग आणीत. श्रीखंडात वा पुरणात ती कुटून घालताना तिचा मूळ हिरवा रंग कोणाच्या स्वप्नातही नसे.

आता हे डोंगर ज्याच्या राज्यात येत त्या त्रावणकोर दरबाराकडे वळू. अठराव्या शतकात मार्तंड वर्मा या महाराजाने त्रावणकोरचे राज्य वाढविले तेव्हा त्या विस्ताराचा खर्च भागविण्याचे एक साधन म्हणून मिरीचा व्यापार सरकारी मक्त्याखाली आणला, आणि पुढे वेलदोडाही त्याच मक्त्यात गेला. व्यवस्था अशी की, पूर्वेकडच्या तामिळ मुलखातून, कंबम व बोडी या भागांतून, घाट चढून येणाऱ्या रयतेने डोंगरात वेलदोडा पिकवावा, हिवताप, जळवा आणि हत्ती यांच्याशी सामना करीत हंगामभर तेथे राहावे, आणि निघालेला सर्व माल सरकारी कामदाराच्या स्वाधीन करावा. सरकारने तो आलप्पुळ्याच्या वखारीत नेऊन विकावा आणि रयतेला ठरलेला मोबदला द्यावा. घाटाच्या पलीकडे स्वतःचे गाव आणि तेथे खुला बाजार असताना ही रयत सगळा माल इमानाने सरकारजमा करीत असेल, असे समजण्याइतका दरबारही भोळा नव्हता. म्हणून नाकी आली, पहारे आले, आणि या डोंगरांसाठी न्यायाचे अधिकारही असलेला एक स्वतंत्र अंमलदार आला. या कडेकोट बंदोबस्ताचा एक अकल्पित परिणाम असा झाला की, डोंगरातील रान हेच महसुलाचे साधन ठरले, आणि वृक्ष तोडणे म्हणजे सरकारी उत्पन्नावर कुऱ्हाड घालणे, असा हिशेब दप्तरात पक्का बसला.

हा हिशेब नसता तर काय झाले असते, हे पाहावयास फार दूर जावे लागत नाही. याच वेलदोड्याच्या डोंगरांचा अंमलदार असलेल्या जॉन डॅनिएल मन्रो याने 1877 साली पूंजारच्या राजाकडून उत्तरेकडील कण्णन देवन डोंगर करारनाम्याने मिळविले. तेथे पुढे चहा आला, आणि चहाला उघडे आकाश लागत असल्यामुळे मुन्नारच्या परिसरातील मैलोगणती रान सपाट होऊन त्या जागी ते कातरलेले हिरवे गालिचे आले, जे पाहून आजचा प्रवासी निसर्गाची प्रशंसा करतो. मला स्वतःला तो देखावा कधी निसर्गाचा वाटला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्रावणकोर दरबाराने मक्तेदारी सोडून जमिनीवर सारा बसविला, आणि 24 ऑगस्ट 1897 रोजी जाहीरनामा काढून वेलदोड्याचे डोंगर राखीव म्हणून घोषित केले. यातून जी व्यवस्था रूढ झाली ती हिंदुस्थानातील महसुली व्यवस्थांमध्येही विलक्षणच म्हणावी लागेल : पट्ट्याने दिलेली जमीन महसूलखात्याची, तीवर उभा असलेला वृक्ष वनखात्याचा, आणि त्या दोहोंच्या मधला वेलदोडा तेवढा रयतेचा.

याच सुमारास शेजारी दुसरे प्रकरण चालू होते. पेरियार नदी पश्चिमेस वाहून समुद्रास मिळते, आणि घाटाच्या पूर्वेस मदुरेचा मुलूख अवर्षणाने होरपळतो. तेव्हा नदीला बांध घालून तिचे पाणी डोंगराच्या पोटातून पूर्वेकडे वळवावे, ही मद्रास सरकारची जुनी तजवीज. तिच्यासाठी 29 ऑक्टोबर 1886 रोजी त्रावणकोरशी करार झाला : 8,000 एकर जमीन, दर एकरी सालाना 5 रुपये खंड, आणि मुदत 999 वर्षे. या बांधावरून आज केरळ व तामिळनाडू या दोन राज्यांत जो कलह माजलेला आहे तो येथे नको. कर्नल जॉन पेनिक्विक याने चुना व सुरखी यांच्या बळावर, पुरांनी वारंवार काम वाहून नेले तरी, ते धरण पुरे केले आणि 1895 साली ते खुले झाले. घाटाखालच्या तेनी भागात त्याच्याविषयीची कृतज्ञता अशी आहे की, घरांत त्याची तसबीर लावतात आणि मुलांना त्याचे नाव ठेवतात. वर मात्र एक खोरेच्या खोरे रानासह बुडाले. त्या बुडालेल्या वृक्षांचे काळे सुकले खुंट अजूनही तेक्कडीच्या सरोवराच्या पाण्यातून वर डोकावतात, पाणकावळे त्यांवर पंख वाळवीत बसतात, आणि होडी हाकणाऱ्याला त्यांच्यामधून वाट काढावी लागते.

सरोवराभोवतीचे अरण्य 1899 साली राखीव झाले, आणि तेथवर या राखणीच्या कथेत कोणा जनावराचे नाव नाही. ते आले 1933 साली, जेव्हा एस. सी. एच. रॉबिन्सन याची मृगयेच्या बंदोबस्तासाठी नेमणूक झाली. दुसऱ्या वर्षी नेल्लिक्कांपट्टी येथे अभयारण्य जाहीर झाले, 1950 मध्ये ते वाढवून पेरियार हे नाव देण्यात आले, आणि 1978 साली त्याचा समावेश व्याघ्रप्रकल्पात झाला. पाण्यासाठी राखलेल्या रानात हत्ती आधीच सुखाने नांदत होते. त्यांना कायद्याचे छत्र मिळाले, एवढेच.

रानातल्या माणसांचे तितके सुखाने झाले नाही. मन्नान, पळियान, ऊराळी हे येथील मूळ रहिवासी राखीव क्षेत्राच्या कडेला सारले गेले. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अधिक धान्य पिकवा म्हणून सरकारनेच खालच्या मुलखातील शेतकऱ्यांना वर बोलाविले, 1950 नंतर वसाहतीची योजनाही आली, आणि मग त्यांतल्याच कित्येकांना इडुक्कीच्या धरणासाठी उठविण्यात आले, तेव्हा 1961 साली कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांनी कुमळीजवळच्या अमरावती येथे उपोषण केले. या साऱ्या उलथापालथीत मला सर्वांत चटका लावणारी हकीकत आहे ती वायना झाडाच्या सालीची. वायना म्हणजे रानदालचिनी. तिची साल मसाल्यासाठी व उदबत्तीसाठी विकली जाते, आणि ती चोरून सोलणाऱ्या कुमळीकडच्या टोळ्या वर्षानुवर्षे अभयारण्यात वावरत. एकेकाच्या नावावर खटले साचलेले. गेल्या शतकाच्या अखेरीस, अरण्याच्या भोवतालच्या लोकांना राखणीत सामील करून घेण्याची योजना आली तेव्हा, या लोकांनी चोरी सोडण्याचे कबूल केले व सरकारने खटले सोडण्याचे. आणि तेव्हापासून तेच लोक रात्रीची गस्त घालतात व प्रवाशांना रानात हिंडवितात. त्यांच्या समितीचे नाव आजही माजी वायना साल गोळा करणाऱ्यांची समिती असेच आहे. पूर्ववृत्त लपविण्याऐवजी ते पाटीवर लिहिण्याचा हा उमदेपणा सरकारी कागदपत्रांत दुर्मिळ.

मळ्यांकडे मात्र सावली विरळ होत चालली आहे. कट्टप्पन्याच्या बाजूच्या एका शेतकऱ्याने निवडीने तयार केलेली ञळ्ळाणी ही जात जुन्या जातींच्या कितीतरी पट पीक देते, पण तिला ऊन अधिक लागते, खत अधिक लागते आणि औषधांचे फवारेही अधिक. बोंडे पिकण्याआधी हिरवी असतानाच खुडतात, भट्टीच्या मंद उष्णतेवर सुकवितात, चाळणीने आकार निराळे करतात, आणि पुट्टडी व बोडिनायकनूर येथील लिलावांत त्यांचे भाव ठरतात. ऑगस्ट 2019 मध्ये तर किलोला 7,000 रुपयांचा विक्रमी भाव निघाला होता. असा भाव समोर असता जुना वृक्ष हा मळेवाल्याला आश्रयदात्यापेक्षा अडथळा वाटू लागला, तर त्यात आश्चर्य नाही. शिवाय स्पर्धा समुद्रापलीकडची आहे : विसाव्या शतकाच्या आरंभी ग्वातेमालात नेलेला हाच कंद आता अरबस्तानातील कॉफीच्या पेल्यांसाठी मलबारपेक्षा अधिक माल पुरवितो.

आणि ज्या जाहीरनाम्यावर हे सारे उभे आहे, त्याच्या आकड्याचाच निकाल लागलेला नाही. 1897 च्या त्या कागदातील राखीव क्षेत्र 15,720 एकर, असे केरळ सरकार म्हणते. ते 2,15,720 एकर आहे, असे वनरक्षणवादी म्हणतात. एका अंकाने सुमारे दोन लक्ष एकर जमीन अरण्य ठरते किंवा ठरत नाही, आणि त्या अंकाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. तोवर मळेवाला सारा भरण्यासाठी महसूलखात्याच्या कचेरीत जातो आणि झाडासाठी वनखात्याच्या, आणि दोन्ही कचेऱ्यांत त्याला जुन्या पट्ट्याची नक्कल मागतात.